शकुआत्याची बिनगिअरची गाडी

शकुआत्याला किळस यायची. इतर माणसांना राग येतो, भीती वाटते, वाईट वाटतं. तिला बहुतेक वेळा किळसच यायची आणि ती लपवायची सवय तिला नव्हती. नाकाची डावी बाजू तेवढी वर जायची, ओठ मिटायचे, आणि समोरच्या माणसाला आपल्या अंगावर काहीतरी सांडलं आहे असं वाटायला लागायचं.

ती माझ्या वडिलांची मोठी बहीण. मुरबाडला आमच्याच घरात, पुढच्या खोलीत राहायची. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. वैशाखऱ्याच्या अलीकडे एका पाड्यावर जिल्हा परिषदेची शाळा होती, तिथे ती शिकवायची. मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत शिकले. तिला माझं इंग्रजी आवडायचं आणि माझं मराठी अक्षर बघवायचं नाही. "कोंबडी चालून गेल्यासारखं," म्हणायची, आणि नाक वर.

तिला कशाकशाची किळस येई, ते आठवायला बसलं की हसू येतं. बशीत सांडलेला चहा परत कपात ओतणारी माणसं. जेवण झाल्यावर काडीने दात कोरत गप्पा मारायला बसणारे पाहुणे. फोनवर मोठ्याने ढेकर देणारे. एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. हजेरीपट उघडून जिभेला बोट लावायचं आणि पान उलटायचं, असं त्यांचं चाललं होतं. आत्या उठली, मुलांना पाणी पाजायच्या पेल्यात चार घोट पाणी घेतलं आणि तो साहेबांच्या उजव्या हाताशी ठेवला.

"मला तहान नाही," साहेब म्हणाले.

"प्यायला नाही, साहेब. बोटाला."

साहेबांनी उरलेली पानं कोरड्या बोटाने उलटली. शेरा वाईट लिहिला. आत्याने घरी येऊन तो शेरा आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवला आणि पोटभर जेवली.

पण मुलांच्या शेंबडाची तिला किळस नव्हती. पाड्यावरची पहिलीतली मुलं नाक वाहत यायची, ती स्वतःच्या पदराने पुसायची. कुणाच्या डोक्यात उवा, कुणाच्या पायाला खरूज, कुणी वर्गातच ओकलेलं. ती बादली घेऊन बसायची. आईने एकदा विचारलं, "वन्सं, ह्याचं काही वाटत नाही तुम्हाला?"

"शेंबूड धुतला की जातो," ती म्हणाली.

आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आत्या रांगत होती. घरात एक शब्द कायमचा बंद झाला, तो म्हणजे विटाळ. चिडवायला म्हणूनसुद्धा तो कुणी उच्चारायचा नाही. आजोबांना विहिरीवरून हाकललं होतं त्या गावाचं नाव आत्याला माहीत होतं, पण तिने ते आम्हाला कधी सांगितलं नाही. तिची किळस माणसांच्या वागण्याची होती. माणूस कुठल्या घरातून आला आहे याच्याशी तिचा संबंध नव्हता, आणि याबाबतीत ती फार काटेकोर होती. नाक वर जायच्या आधी एक क्षण थांबायची, जणू काही तपासून घ्यायची, आणि मगच.

तर जीप.

मुरबाडहून वैशाखऱ्याला जायला एसटी होती, पण शाळेच्या वेळेला सापडेल याची खात्री नसायची. बाकी सगळा कारभार जीपचा. मागे समोरासमोरच्या दोन बाकड्यांवर दाटीवाटीने माणसं, दोघंतिघं मागच्या पायरीवर लटकलेली, पायाशी कोंबड्या, सुकटीच्या टोपल्या. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या डावीकडे तीन माणसं. शिकलेल्या बाईला मागे बसवायचं नाही, हा आमच्या भागातला रिवाज. शिक्षिका आली, नर्सबाई आली, ग्रामसेविका आली की पुढे बसलेला पुरुष मुकाट्याने उतरायचा. "बाई, तुमी पुढं बसा." तो मान होता. मानाची ही जागा गिअरच्या दांड्याला लागून होती.

पुढचं मला फार लिहिता येणार नाही. ज्या बायकांनी असा प्रवास केला आहे त्यांना सांगायची गरज नाही. गिअर टाकायला ड्रायव्हरचा डावा हात खाली यायचा, आणि गिअर पडल्यावर तो वर जायला हवा तेव्हा जायचा नाही. रस्ता सरळ असला, सपाट असला, पुढे एक सायकलसुद्धा नसली तरी गिअर बदलायची गरज पडतच राहायची. काही बोलावं तर तो म्हणणार, "बाय, गिअर हाय तो. गाडी कशी चालवू?" आणि मागे बसलेली सगळी जीप हसणार. म्हणून बायका मध्ये काहीतरी ठेवत. पर्स, डबा, मिटलेली छत्री. मीही कल्याणला कॉलेजला जाताना ठेवायचे. मला या गोष्टीसाठी इंग्रजीत दोन-तीन शब्द येत होते, पण ते सगळे वर्तमानपत्रातले वाटायचे. आत्याचाच शब्द बरोबर होता, किळस.

आत्या ज्या जीपने जायची ती वामनची. वामन जवळच्याच एका गावातला, शेतकरी घरातला. बोलायला अतिशय गोड. अडल्या बाईला दवाखान्यात न्यायचा, म्हातारीची पिशवी घरापर्यंत पोचवायचा. वाटेवर त्याला कुणी वाईट म्हणत नसे. गिअरच्या दांड्यावरचा काळा गोटा त्याच्या तळहाताने घासून चकचकीत झाला होता. तंबाखू मळलेला हात तो त्यावरच पुसायचा.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना आत्याच्या शाळेत काही कार्यक्रम होता, मुलांना इंग्रजी गाणं शिकवायला म्हणून तिने मला बरोबर घेतलं होतं. परत येताना ती पुढे बसली, मी मागे. निघण्याआधी तिने शाळेतून फळा पुसायचं डस्टर बरोबर घेतलेलं मी पाहिलं. दिवसभराच्या खडूने ते पांढरं झालेलं होतं. मला वाटलं, घरी धुवायला नेते आहे. तिने ते उजव्या गुडघ्याला लावून मांडीवर ठेवलं, वर पदराची कड सैल सोडली आणि बाहेर बघत बसली.

मुरबाडच्या नाक्यावर जीप थांबली. लोक उतरत होते. आत्या उतरली, मागे वळली आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "वामन, हात बघू तुझा."

वामनला काही कळलं नाही. त्याने हात पुढे केला. बोटं, बोटांच्या मागची बाजू, मनगटापर्यंत, सगळा हात पांढरा.

"खडू लागला आहे," आत्या म्हणाली. "शाळेत बसला होतास का आज?"

मग मागे बसलेली एक भाजीवाली म्हणाली, "बसला असंल. आमी बी त्याच शाळेत जातो रोज." आणि ती हसली, आणि तिच्या शेजारची हसली, आणि ते हसणं बायकांमधून असं पसरत गेलं की पुरुष उगाचच टपावरचं सामान उतरवायला लागले. वामन हात पँटला पुसत होता. पँटही पांढरी झाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्यासाठी जीप थांबेना. वामनचीच नव्हे, कुणाचीच. लांबून तिची छत्री दिसली की जीप वेग घ्यायची. मागे जागा असली तरी "फुल हाय, बाई." ती एसटीची वाट बघायची, नाहीतर दुधाच्या टेंपोत मागे बसून जायची. शाळेला उशीर व्हायला लागला. मुख्याध्यापकांनी एकदा, दोनदा समज दिली. मग तालुक्यातून पत्र आलं की रोजचं येणंजाणं जमत नसेल तर दूरच्या, तिथेच राहावं लागेल अशा पाड्यावर बदली करण्याचा विचार होईल. आत्याने ज्या मुलांना पहिलीपासून धरलं होतं ती तेव्हा चौथीत होती. ती मुलं सोडायची नव्हती. एका रविवारी ती म्हणाली, "मी गाडी घेणार. चालवणार मीच."

आधी ती शिकायला गेली. शिकवणाऱ्याला सगळे सर म्हणत. पहिले काही दिवस बरे गेले, स्टिअरिंग आणि ब्रेक तिला लवकर आले. मग गिअर आला. सरांनी तिच्या हातावर आपला हात ठेवला, दांडा पुढे ढकलला, मागे ओढला, आणि हात तिथेच ठेवून म्हणाले, "बाई, गिअरला लाजायचं नाही." तिने भर रस्त्यात गाडी थांबवली, उतरली आणि चालत घरी आली. हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. मला तेवढंच सांगितलं. घरात बाकी सगळ्यांना सांगितलं की डावा गुडघा दुखतो, क्लच दाबवत नाही.

त्या सुमारास उंच बसणीच्या छोट्या गाड्या निघाल्या होत्या, ना धड जीप, ना धड कार. आमच्या रस्त्यांना बऱ्या. त्यातल्या एकीत बिनगिअरची, म्हणजे ऑटोमॅटिकही मिळते असं आत्याने कुठेतरी वाचलं. तिचा निर्णय तिथेच झाला. आमच्या घरात मात्र पंधरा दिवस वाद चालला. बाबा आणि माझा चुलतभाऊ दिलीपदादा एका बाजूला, आत्या दुसऱ्या. दिलीपदादाची स्वतःची मोटरसायकल होती, म्हणून त्याला गाड्यांतलं कळतं असं सगळे धरून चालायचे.

"बॅटरी उतरली तर काय करशील?" बाबा विचारायचे. "ऑटोमॅटिक धक्का मारून चालू होत नाही. आपल्याकडे निम्म्या गाड्या धक्क्यावर चालतात."

"मी बॅटरी उतरू देणार नाही."

"बिघडली तर मुरबाडात हात कोण लावणार तिला?"

"कुणी हात लावू नये म्हणूनच घेते आहे."

"आत्या, गिअर नाय म्हंजे ती गाडी नाय, पाळणा हाय," दिलीपदादा म्हणायचा. "झोप येईल तुला चालवताना. आणि दांडा त्यात पण असतोच."

"असू दे. एकदा हलवला की गप्प बसतो."

शेवटी एका संध्याकाळी बाबांनी विषय मिटवायचा म्हणून समजुतीने सांगितलं, "शकू, गुडघ्यासाठी एवढं करतेस, तर आधी गुडघा दाखवू. कल्याणला चांगला डॉक्टर आहे. गुडघा बरा झाला की गिअरची घेऊ, सगळ्यांनाच चालवता येईल."

आत्या तांदूळ निवडत होती. तिने ताट खाली ठेवलं.

"गुडघ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मला तो दांडा हातात धरवत नाही. इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून गेले. तो दिसला तरी मला त्यावरचे हात दिसतात. शिकायला गेले तिथे पण हात आलाच. मला त्याची किळस येते."

दिलीपदादा आधी हसणार होता, मग हसला नाही. बाबांचे कान लाल झाले. "कोण होता?" त्यांनी विचारलं. "नाव सांग."

"कोण म्हणून काय विचारतोस? कोण नव्हता ते विचार, लवकर सांगून होईल."

"तू तेव्हाच सांगायचंस," दिलीपदादा म्हणाला. "नाक्यावर उतरवून असा हाणला असता त्याला—"

आत्याचं नाक वर गेलं, आणि या वेळी ते दिलीपदादासाठी होतं.

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती शहापूरला सरकारी कार्यालयात कामाला होती, मी लहान असल्यापासून रोज जाऊन येऊन. घरातल्या वादात ती कधी पडायची नाही. ओले हात पुसत ती सहज सांगावं तसं म्हणाली, "शहापूरच्या जीपला तर गिअर अजून जवळ होता."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. "तू कधी बोलली नाहीस."

"कधी बोलायचं?" आई म्हणाली. "जेवताना?"

मी भिंतीला टेकून बसले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, कोण जाणे. त्यांनी विचारलं नाही. बराच वेळ ते चप्पल सरळ करत बसले. मग आत्याला म्हणाले, "रंग कोणता पाहिजे?"

"पांढरा," आत्या म्हणाली. "मळला की लगेच दिसतो."

कल्याणच्या शोरूममध्ये टाय लावलेला एक मुलगा सगळं बाबांनाच समजावून सांगत होता. आत्या समोर असून त्याला दिसत नव्हती. गाडी मॅडम चालवणार आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मग ऑटोमॅटिकच घ्या, सर. लेडीजना सोपी पडते. डोकं लावायला लागत नाही." एवढ्या पंधरा दिवसांचं मिळवलेलं सगळं आता हातचं जातं की काय, असं मला वाटलं, कारण आत्या पर्स घेऊन उठली होती. पण ती दारापर्यंत गेली, काचेतून बाहेर उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या गाडीकडे पाहिलं, परत आली आणि त्या मुलाला म्हणाली, "तू जरा बाजूला हो. दुसऱ्या कुणाला पाठव."

गाडी घरी आणली बाबांनी. त्यांच्या डाव्या पायाला क्लच दाबायची सवय. गाडी हळू करायची वेळ आली की तो पाय जोरात खाली जायचा, खाली क्लच नसायचा, ब्रेकच असायचा, आणि आम्ही सगळे पुढच्या सीटवर आपटायचो. असं तीनचार वेळा झालं. आत्या मागे बसली होती. तिला उलटी होईल की काय असं वाटत होतं, पण ती पदर तोंडावर धरून हसत होती. तिला इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. पुढे महिनाभर ती रोज सकाळी मैदानावर सराव करायची, बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून, शहाण्या मुलासारखे बसायचे. लायसन्स मिळालं, आणि ती शाळेला वेळेवर जायला लागली. वाटेवरच्या दोन शिक्षिका आणि एक नर्सबाई तिच्या गाडीत येऊ लागल्या. बदलीचा विषय मागे पडला. जीपवाले तिला बघून हॉर्न वाजवायचे, गाडीला पाळणा म्हणायचे. तिने काचा बंद केलेल्या असायच्या.

अशीच एकदोन वर्षं गेली. एका संध्याकाळी मी घरी होते, फाटक वाजलं. वामन आला होता. केस पिकले होते, हातात पेढ्यांचा पुडा. आत्या ओटीवर बसली होती. त्याला बसायला सांगितलं नाही, तो बसलाही नाही.

"बाई, पोरगी मास्तरीण झाली माझी," तो म्हणाला. "टोकावड्याच्या बाजूला शाळा भेटली."

"चांगलं झालं."

"तुमच्या वाटेवरच हाय. तुमच्या गाडीत जागा असंल तर... पैसे देईल ती."

"तुझी जीप आहे की."

"माझी वेळ वेगळी पडती, बाई."

"दुसऱ्या जीपा आहेत. पुढे बसवतील तिला. मास्तरीण आहे."

वामन पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत उभा राहिला. "जीपनं नको," तो म्हणाला.

"का?"

त्याने दोरा सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"का नको, वामन?"

"तुमाला तर सगळं माहीत हाय, बाई."

"मला माहीत आहे. तुला माहीत होतं का, ते विचारते."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. वामनने पुडा ओटीच्या कडेला ठेवला.

"होतं," तो म्हणाला.

मला वाटलं होतं, त्याच्या तोंडून हे ऐकून आत्याला बरं वाटेल. मी तिच्याकडे पाहिलं. नाक वर गेलं नव्हतं. चेहरा नुसता उतरून गेला होता. इतकी वर्षं तिने त्याला घाणेरड्या सवयीचा माणूस समजलं होतं, दात कोरणाऱ्यांसारखा, जिभेला बोट लावणाऱ्या साहेबासारखा. सवय आपल्याला आहे हे ज्याच्या लक्षातच येत नाही, असा. पण आपण काय करतो आहोत, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"सकाळी पाठव," ती म्हणाली. "तू सोडायला येऊ नकोस. आणि पेढे घेऊन जा."

त्या रात्री ती जेवली नाही. आईने विचारलं तर म्हणाली, "घशाखाली उतरत नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी नोकरीसाठी पुण्याला गेले. आत्या पुढेही बरीच वर्षं होती, सणावाराला भेटायची, घाईघाईत. पण ती डोळ्यांपुढे येते ती वामन येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळची.

मुलगी वेळेआधीच फाटकाशी येऊन उभी होती. बारीक, सावळी, नव्या साडीच्या निऱ्या एका हाताने धरून. बापाचा गोडवा चेहऱ्यावर होताच. तो बघून आत्या क्षणभर थांबली. मला तिचं ते थांबणं ओळखीचं होतं. ती तपासून घेत होती. मग तिने पुढचं दार उघडलं, डिकीतून फडकं काढलं आणि चालवणाऱ्याच्या शेजारची सीट पुसायला घेतली. सीट स्वच्छच होती. तरी तिने पाठ पुसली, बसायची जागा पुसली, दाराची कड पुसली, आणि शेवटी दोन सीटच्या मधला तो दांडा खालपासून वरपर्यंत पुसून काढला. मुलगी संकोचून बघत होती. आपल्यात काही घाण आहे की काय, असं तिला वाटलं असावं, कारण तिने हळूच पदराचा वास घेतला.

आत्याने फडक्याची घडी केली, ते परत डिकीत टाकलं, आणि तिला म्हणाली, "आता बस."